मनाई हुकूम मिळाला, मोडला गेला, आणि मग ते सिद्ध करावं लागलं

आमच्या वाटेच्या दाव्यात मनाई हुकूम (समोरच्याने अमुक करू नये असा कोर्टाचा हुकूम) मोडल्याबद्दलचा अर्ज एप्रिल २०२५ मध्ये निकाली निघाला. तो चालू होता तेव्हा रात्री रात्री नेटवर शोधायचे की असं कुणाचं झालंय का, कुणी मराठीत लिहिलंय का, तर वकिलांसाठी लिहिलेले इंग्रजी लेख सापडायचे आणि बाकी सगळा सल्ला म्हणजे "कंटेम्प्ट (म्हणजे कोर्टाच्या अवमानाची केस) टाका, जेलमध्ये जाईल". तसं काही होत नाही, निदान इतक्या सरळ तरी नाही. म्हणून जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते.

थोडी पार्श्वभूमी. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुका सांगत नाही. आई तिथे एकटी राहते, मी डोंबिवलीला. घरामागून एक वाट विहिरीकडे आणि पुढे खालच्या आगरात (बागेत) जाते, ती बाबांच्या चुलतभावाच्या, म्हणजे काकांच्या हद्दीला लागून आहे. बाबा होते तोवर कुणी काही बोललं नाही. ते गेल्यावर कुरबुरी सुरू झाल्या, २०२२ च्या पावसात वाटेत काट्याकुट्या टाकणं वगैरे, शेवटी सप्टेंबरमध्ये आम्ही दावा लावला. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो, आपल्याकडच्या कोर्टात त्याला सगळे निशाणी ५ म्हणतात. दोन्ही बाजू ऐकून २१ डिसेंबर २०२२ ला हुकूम झाला: दाव्याचा निकाल होईपर्यंत प्रतिवादीने स्वतः अगर त्याच्यातर्फे कोणीही वादीच्या दावा वाटेच्या वहिवाटीस अडथळा करू नये.

एवढंच एक वाक्य. पुढची दोन वर्षं आम्ही ह्या एका वाक्यावर भांडलो.

वकील मॅडमनी तेव्हा दोन कामं करून घेतली होती आणि ती दोन्ही पुढे सोन्यासारखी उपयोगी पडली. एक म्हणजे हुकुमाच्या सही-शिक्क्याच्या दोन नकला लगेच काढल्या (नक्कल अर्ज, थोडे पैसे, आठवडाभर थांबणं). दुसरं, त्याच आठवड्यात वाटेचे वरच्या टोकापासून विहिरीपर्यंत फोटो काढले. तेव्हा मला वाटलं कशाला उगाच, हुकूम तर झाला. तुमच्या बाजूने हुकूम झाला असेल तर हे त्याच दिवशी करा, जागा कशी आहे ते टिपून ठेवा.

काकांनी जानेवारीत जिल्हा कोर्टात अपील केलं. त्यात त्यांना स्थगिती मिळाली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणारे.

शनिवार १३ मे २०२३. सकाळी आईचा फोन, चिरे आलेत, गवंडी आलाय, वाटेवर आडवा गडगा, म्हणजे चिऱ्यांची भिंत, घालतायत. दिवस बघून निवडलेला होता हे नंतर कळलं, कारण मे महिन्यात दिवाणी कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. मी तुतारी एक्सप्रेस पकडून दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा गडगा गुडघ्याएवढा झाला होता. आई आदल्या दिवशीच पोलिसात जाऊन आली होती, त्यांनी सांगितलं ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. हुकुमाची नक्कल दाखवली तरी तेच. तेव्हा फार राग आला होता पण मॅडमनी नंतर समजावलं की पोलिसांनी हुकमाची अंमलबजावणी करून द्यावी असं वाटत असेल तर त्यासाठी कोर्टाकडून वेगळं पोलीस संरक्षण मागावं लागतं, नुसत्या नकलेवर ते हात घालत नाहीत. तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर तुम्ही गेलाच नव्हतात असं धरून चाला.

सोमवारी १५ तारखेला मॅडमनी काकांना नोटीस पाठवली, हुकुमाची प्रत जोडून, रजिस्टर एडीने आणि व्हॉट्सॲपवर पण. मला वाटलं सुट्टीकालीन न्यायाधीशांकडे धावावं, पण त्या म्हणाल्या तिथे फार तर समोरच्याला नोटीस निघेल, त्यापेक्षा ही नोटीस जाऊ दे, मग तो काय करतो ते बघू. काय केलं? २० तारखेपर्यंत गडगा छातीएवढा पुरा केला आणि खालच्या बाजूला, जिथून आगरात उतरतो तिथे, लोखंडी फाटक बसवलं. आई आता वळसा घालून दुसऱ्याच्या कलमांच्या बागेतून विहिरीवर जायला लागली, गुडघेदुखी असताना.

जूनमध्ये कोर्ट उघडल्यावर, १४ जून २०२३ ला अर्ज दाखल केला. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ३९ रूल २-ए खाली. आमच्याकडे त्याला वेगळा किरकोळ अर्ज म्हणून नंबर पडला, काही कोर्टांत मूळ दाव्यातच निशाणी पडते म्हणे. नंबर पडला की सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि ई-कोर्टसच्या ॲपमध्ये टाका, पुढची तारीख आणि काय झालं ते घरबसल्या दिसतं, डोंबिवलीत राहून हे नसतं तर मी वेडी झाले असते.

कंटेम्प्ट का नाही, हे मला प्रत्येक नातेवाइकाने विचारलं. तर कोर्ट अवमान कायदा १९७१ चा, खालच्या कोर्टाच्या हुकमाचा अवमान झाला तर हायकोर्टात जावं लागतं, एक वर्षाच्या आत, शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने आणि दंड दोन हजार रुपये. दोन हजार, हो. आणि ज्या कोर्टाने मनाई दिली त्याच्याकडेच उपाय असताना हायकोर्ट सहसा तिकडेच पाठवतं. २-ए मध्ये ज्या कोर्टाने हुकूम दिला तेच कोर्ट मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकतं, शिवाय तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद देऊ शकतं. जप्ती एका वर्षापेक्षा जास्त राहत नाही, पण तरीही तो हट्टाने मोडतच राहिला तर ती मालमत्ता विकून नुकसानभरपाई देता येते. आम्हाला काकांना जेलमध्ये बघायचं नव्हतंच, वाट मोकळी हवी होती.

पहिली तारीख ११ जुलै. बेलिफ (कोर्टाची नोटीस बजावणारा कर्मचारी) गेला, "घरास कुलूप" असा शेरा घेऊन आला. परत नोटीस, परत कुलूप, मग दारावर चिकटवून बजावणी. आई रोज त्या दारासमोरून जात होती आणि दार रोज उघडं होतं! सप्टेंबरमध्ये एकदाचं काकांचं म्हणणं दाखल झालं आणि ते वाचताना मला हसावं की रडावं कळेना. हुकूम काय झाला ते त्यांना नीट माहीत नव्हतं. गडगा जुनाच आहे, फक्त डागडुजी केली. गडगा त्यांनी नाही, मुलाने आणि मजुरांनी घातला. हुकमाविरुद्ध अपील चालू आहे म्हणून तो लागू नाही. आईला दुसरी वाट आहे. आणि फाटक गुरांसाठी आहे, त्याला कुलूप नाही, कुणीही उघडून जाऊ शकतं. हे सगळं एकाच कागदात.

मला वाटलं आता तर संपलंच, इतकं विसंगत. मॅडम म्हणाल्या घाई करू नका. मग त्यांनी जे सांगितलं ते ह्या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ह्या अर्जात कोर्ट असं बघत नाही की तुमच्यावर अन्याय झाला का. वाट तुमची की त्यांची हे सुद्धा बघत नाही, ते मूळ दाव्यात. इथे फक्त हे की हुकूम होता का, त्यात नक्की काय करू नका म्हटलं होतं, समोरच्याला तो माहीत होता का, आणि माहीत असून मुद्दाम मोडला का. यातली एक कडी सुटली तरी अर्ज पडतो. शिक्षा होऊ शकते म्हणून पुरावाही नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखा "असं असावं असं वाटतं" इतका चालत नाही. २००९ साली सुप्रीम कोर्टाने अन्न महामंडळाच्या केसमध्ये म्हटलंय की तक्रार करणाऱ्याने हुकूम होता आणि तो मोडला हे शंकेला जागा न ठेवता दाखवलं पाहिजे, आणि २०१९ च्या केरळमधल्या एका बेकरीच्या केसमध्ये म्हटलंय की नुसतं मोडणं पुरत नाही, जाणूनबुजून मोडलेलं हवं. हुकमातला शब्द दोन प्रकारे वाचता येत असेल तर फायदा समोरच्याला. म्हणजे आमचं ते एक वाक्य.

मग पुरावा गोळा करायचं काम. मॅडमनी कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागितला. काकांच्या वकिलांनी हरकत घेतली की कमिशनर एका पक्षाचा पुरावा गोळा करण्यासाठी नेमता येत नाही, त्यावर दोन तारखा गेल्या, पण आजची जागेची स्थिती काय आहे एवढ्यापुरता मंजूर झाला. फी सात हजार, आम्ही भरली, अर्ज करणाराच भरतो. डिसेंबरमध्ये एक तरुण वकील टेप घेऊन आले, दोन्ही बाजूंसमोर मापं घेतली, नकाशा काढला, फाटकाचे फोटो काढले. त्या दिवशी फाटकाला कुलूप नव्हतं, साधी कडी होती. आईने त्यांना तिथेच सांगितलं की एरवी असतं, त्यांनी शांतपणे लिहिलं "भेटीवेळी कुलूप आढळले नाही". ते वाक्य आम्हाला महागात पडलं पण माणसाने बरोबरच केलं, दिसलं ते लिहिलं.

आमचे मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ द्यायचे तर पुरावा कायद्याच्या ६५-बी चं प्रमाणपत्र (फाइल कुठल्या फोनमधून कशी आली ते सांगणारं) लागतं. ते लागतंच हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं ती केस आपल्या जालन्याची, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, निवडणुकीची. आमच्या कागदांना जुना कायदा लागला. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आलाय, त्यात हे कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) पण लिहावी लागते. म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲपवर फिरून आलेली फोटोची कॉपी कामाची नाही.

साक्षीला मीच उभी राहणार होते, आईचं मुखत्यारपत्र होतं माझ्याकडे. पण जे आईने डोळ्यांनी बघितलं ते तिच्या वतीने मी सांगू शकत नाही, मुखत्याराला स्वतःला माहीत असलेलंच सांगता येतं. १३ मेला मी डोंबिवलीत होते. म्हणजे आईच. सत्तरीची बाई, आयुष्यात कोर्टाची पायरी दाव्यासाठी पहिल्यांदा चढलेली. सरतपासाचं, म्हणजे आईच्या स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र मार्च २०२४ ला दिलं, उलटतपासाला उन्हाळ्यानंतरची तारीख पडली, मध्ये न्यायाधीश साहेबांची बदली झाली, नवीन न्यायाधीश मॅडम आल्या. वाडीतल्या ज्या शेजाऱ्याने गडगा घालताना बघितलं होतं त्याने "तुमचं सगळं बरोबर आहे पण मला दोन्हीकडे राहायचंय" म्हणून साक्ष द्यायला नकार दिला. त्याला दोष देत नाही.

उलटतपास २ जुलै २०२४ ला झाला. आदल्या रात्री वकील मॅडमनी आईला फोनवर सांगितलं, मावशी, विचारलं तेवढंच सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, चिडायचं नाही. आई चिडली. समोरचे वकील सूचना करत जातात, "गडगा हुकमाच्या आधीपासून आहे म्हणून तुम्ही खोटा अर्ज केला", आणि साक्षीदाराने नाही म्हटलं की लिहिलं जातं "असे म्हणणे खरे नाही की...". हा नुसता रिवाज आहे, वकिलाला आपली बाजू साक्षीदारासमोर मांडावीच लागते, पण आईला वाटलं तिला खोटारडी म्हणतायत. "मी कशाला खोटं बोलत्ये, माझ्या सासूने ह्याच वाटेने पाणी आणलं" असं तिने सुरू केलं तेव्हा न्यायाधीश मॅडमनी थांबवलं, आजी, ते दाव्यात सांगा, आज फक्त मे महिन्यात काय झालं ते. फाटकाला कुलूप रोज असतं का विचारल्यावर आई म्हणाली, "रोज नसतं, कधी असतं कधी नसतं." खरं तेच सांगितलं तिने. कधी असतं त्याचा फोटो आमच्याकडे एकच होता आणि त्यात कुलूप आहे की नुसती साखळी ते कळत नव्हतं.

काकांचा उलटतपास नोव्हेंबरमध्ये. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. वकील मॅडमनी आवाज सुद्धा चढवला नाही. हुकमाच्या दिवशीचा रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची नोंद) दाखवला, त्यात प्रतिवादी वकिलासह हजर असं होतं. मग जिल्हा कोर्टातल्या अपिलाची नक्कल दाखवली, ही सही तुमची का? हो. यात २१ डिसेंबरच्या हुकमाविरुद्ध अपील असं लिहिलंय ते वाचून सही केली का? हो. झालं, "माहीत नव्हतं" तिथेच गेलं. मग गडगा जुना असल्याबद्दल. मूळ दाव्याबरोबर आम्ही सप्टेंबर २०२२ मध्ये जे फोटो दिले होते ते कोर्टाच्या फायलीतच होते आणि काकांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) त्या फोटोंवर हरकत घेतलेली नव्हती, त्यात गडगा नाही, डिसेंबरच्या फोटोंत नाही. आणि शेवटी १५ मेच्या नोटिशीची पोच. नोटीस मिळाल्यावर काम थांबवलं का? काका गप्प. मग म्हणाले, गवंड्याची मजुरी दिलेली होती.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. काकांनी मला लहानपणी सायकल शिकवली होती, ते पिंजऱ्यात उभे राहून घाम पुसत होते, आणि मी फक्त खाली बघत होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये युक्तिवाद झाला. अपील चालू असल्याच्या मुद्द्यावर मॅडमनी सांगितलं की अपील करणं म्हणजे स्थगिती नव्हे, आणि १९९८ च्या समी खान केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तर असं म्हटलंय की मनाई हुकूम पुढे रद्द झाला तरी तो लागू असताना केलेला भंग पुसला जात नाही. समोरून वयाचा आणि माफीचा मुद्दा आला. त्यावर आमच्याकडून २००६ चं उदाहरण दिलं, आपल्या राज्याचे मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वन खात्याचे सनदी अधिकारी अशोक खोत यांना सुप्रीम कोर्टाने लाकडाच्या गिरण्यांबद्दलचे हुकूम मोडले म्हणून एक महिना साधी कैद दिली होती आणि माफी मानली नव्हती. मला ते जरा जास्तच वाटलं, कुठे मंत्री, कुठे आमचा गडगा. न्यायाधीश मॅडमही किंचित हसल्या.

निकाल १७ एप्रिल २०२५ ला. गडग्याबाबत भंग सिद्ध, आणि तो जाणूनबुजून, कारण नोटीस मिळाल्यावरही काम पुरं केलं. मुलाने आणि मजुरांनी केलं हे मानलं नाही, हुकमात "त्याच्यातर्फे कोणीही" होतं आणि मजुरी कुणी दिली ते काकांनीच सांगितलं होतं. दुसरी वाट आहे की नाही हा प्रश्न या अर्जात येतच नाही. फाटकाबाबत मात्र भंग सिद्ध झाला नाही. हुकमात फाटक लावू नये असं नव्हतं, कुलूप न लावलेलं फाटक म्हणजे अडथळाच असं म्हणता येत नाही, आणि कुलूप असल्याचा पुरावा शंकेपलीकडचा नाही. वय बघून कैद दिली नाही. काकांच्या नावावरची काजूची एक जागा जप्त, आणि तीस दिवसांत गडगा काढून टाकायचा. अर्जाचा खर्च म्हणून किरकोळ रक्कम.

आई फाटकाचं ऐकून हिरमुसली. मी तो भाग दोन-तीनदा वाचला आणि मला तो पटला, राग आला तरी. आमच्याच हुकमात फाटक, साखळी, कुलूप यांचा उल्लेख नव्हता, आणि जे लिहिलेलं नाही त्यासाठी माणसाची मालमत्ता जप्त करायची हे मलाही माझ्यावर झालेलं चाललं नसतं.

२-ए च्या हुकमाविरुद्ध अपील करता येतं, काकांनी ते केलं, पण स्थगिती मिळाली नाही आणि मेच्या शेवटी पावसाआधी त्यांनी स्वतःच माणसं लावून गडगा काढला. चिरे वाटेच्या कडेला रचून ठेवलेत. आम्ही फोटो काढून कोर्टात पुरसीस (तसं कळवणारा लेखी कागद) दिली. जप्ती उठवण्याचा त्यांचा अर्ज आला, त्याला मॅडमनी "गडगा काढला आहे, योग्य तो हुकूम व्हावा" एवढंच म्हणणं दिलं, आईचीही तीच इच्छा होती.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. या एका अर्जाची वकिलांची वेगळी फी तीस हजार, दोन हप्त्यांत. कमिशनरचे सात. नकला, टायपिंग, फोटो, प्रमाणपत्र, पोस्ट असे मिळून पाच-सहा हजार. त्यावर माझं रेल्वे आणि बिनपगारी रजा. कोर्टातले स्टॅम्प वगैरे यात अगदीच थोडे. मिळालेला अर्जाचा खर्च यातल्या कशालाच पुरला नाही. वकिलांशी बोलताना मनाई मोडल्याचा अर्ज मूळ फीमध्ये धरलाय का ते आधीच विचारा, बहुतेकदा नसतो.

मूळ दाव्यात आता मुद्दे (कोर्टाने ठरवायचे प्रश्न) निघालेत आणि साक्षीपुरावा सुरू व्हायचाय. फाटकासाठी वेगळा अर्ज दिलाय, आधीचा मनाई हुकूम स्पष्ट करून मिळावा म्हणून. त्याचा मसुदा मॅडमनी मला वाचायला पाठवला तेव्हा मी त्यात वाटेची रुंदी कमिशनरच्या नकाशाप्रमाणे फुटात, दोन्ही टोकांच्या खुणा, "फाटक, साखळी, कडी, कुलूप अगर अन्य कोणत्याही प्रकारे" आणि "दिवसा अगर रात्री" असं सगळं घालायला लावलं. मॅडम म्हणाल्या तुम्ही आता वकिली करा. काकांचं म्हणणं यायचंय, तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि तोवर आई फाटकाचा रोज सकाळी एक फोटो काढते, कडी लावलेली असली तरी.